जंगलाची खबर गावापर्यंत

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे गाव बोर व्याघ्र प्रकल्पाच्या उंबरठ्यावर वसले असून येथून पुढे जाणारा रस्ता बोर धरणाकडे आणि त्याला लागून असलेल्या साग, तेंदू व बांबूच्या पानगळीच्या जंगलाकडे जातो. १९७० मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या या जंगलाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर होते आणि देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प अशी त्याची ओळख झाली. वयात आलेल्या एकेका नर वाघाला स्वतःच्या हद्दीसाठी कित्येक चौरस किलोमीटर जागा लागते, त्यामुळे येथे जन्मलेल्या बछड्यांना आज ना उद्या बाहेर पडावेच लागते. आणि बाहेर पडल्यावर त्यांच्या वाटेत कपाशी, तूर, सोयाबीन व हरभऱ्याची शेते, संत्र्यांच्या बागा, महामार्ग आणि माणसे येतात. बिनतारी दळणवळण आणि संवेदक यांच्या संशोधनाची चर्चा शहरात बहुधा वेगवान मोबाईल आणि स्वयंचलित घरे यांच्या अंगाने होते. बोरच्या काठावरच्या गावांत मात्र तिचा अर्थ फार नेमका आहे. वाघ आत्ता कुठे आहे, हे ज्याला कळायला हवे त्याला वेळेत कळेल काय, एवढाच तेथला प्रश्न आहे.

संवेदक म्हणजे भोवतालच्या एखाद्या बदलाचे, मग तो उष्णतेचा असो, हालचालीचा, आवाजाचा किंवा ओलाव्याचा, विद्युत संकेतात रूपांतर करणारे साधन. असा संवेदक स्वतःजवळच्या छोट्या संगणकाने त्या संकेताचा अर्थ लावू लागला आणि तो रेडिओलहरींवरून दूर पाठवू लागला की त्याला ‘स्मार्ट’ हे विशेषण लागते. वन्यजीवांच्या अभ्यासात रेडिओलहरींचा वापर सुरू झाला त्याला आता सहा दशके उलटून गेली आहेत. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या बंधूंनी यलोस्टोन उद्यानातील अस्वलांच्या गळ्यात रेडिओ प्रक्षेपक असलेले पट्टे बांधले. वाघाला असा पट्टा प्रथम १९७० च्या दशकात नेपाळमधील चितवनच्या जंगलात बांधला गेला, आणि भारतात उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत व रघू चुंडावत यांनी पन्नामध्ये १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली.

त्या काळचा पट्टा अगदी साधा होता. ठरावीक अंतराने एक छोटा ठोका प्रक्षेपित करणे एवढेच त्याचे काम, आणि त्यासाठी सामान्यतः १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरी वापरल्या जात. संशोधक हातात दिशादर्शक अँटेना धरून टेकडीवर उभे राहत, ती फिरवत ठोका कोणत्या दिशेने सर्वांत मोठा ऐकू येतो ते पाहत, मग दुसऱ्या जागेवरून तेच करत आणि नकाशावरील दोन रेषा जेथे छेदतील तेथे प्राणी आहे असे मानत. या पद्धतीत सगळे कष्ट माणसाचे असत. प्राणी दोन टेकड्या ओलांडून गेला की ठोका नाहीसा होई आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

आजचा जीपीएस पट्टा दोन वेगवेगळी बिनतारी कामे करतो, आणि त्यांतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळत नाहीत. पहिले काम ऐकण्याचे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापल्या अणुघड्याळांतील वेळ सतत प्रक्षेपित करत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला किती वेळ लागला हे मोजून पट्टा स्वतःचे स्थान काढतो. लहर सेकंदाच्या दहालाखाव्या भागात तीनशे मीटर अंतर कापते, त्यामुळे वेळेतील एवढ्याशा चुकीनेही वाघ या शेतातून त्या शेतात गेल्यासारखा दिसू शकतो. दुसरे काम बोलण्याचे. काढलेले स्थान पट्टा दुसऱ्याच एखाद्या उपग्रहजाळ्यामार्फत संशोधकाच्या संगणकाकडे धाडतो, आणि हे बोलणे ऐकण्यापेक्षा खर्चिक असते. पट्टा प्राण्याला जड होऊ नये म्हणून बॅटरी लहान ठेवावी लागते, ती बदलायची तर वाघाला पुन्हा बेशुद्ध करावे लागते. म्हणून स्थान किती वेळा काढायचे आणि किती वेळा पाठवायचे याचे वेळापत्रक आधीच ठरवून दिले जाते. पट्टा लावला म्हणजे वाघ क्षणोक्षणी पडद्यावर दिसतो, ही लोकांची समजूत त्यामुळे खरी नाही. दिसते ती त्याची थोड्या वेळापूर्वीची जागा.

या ‘थोड्या वेळापूर्वी’चा अर्थ बोरने २०१७ मध्ये अनुभवला. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरात माणसांवर हल्ले केल्यामुळे जेरबंद केलेल्या एका तरुण वाघिणीला जीपीएस पट्टा बांधून जुलैच्या अखेरीस बोरच्या जंगलात सोडण्यात आले. ती तेथे थांबली नाही. पुढील सुमारे अडीच महिन्यांत तिने पाचशे किलोमीटरहून अधिक वाटचाल केली, वाटेत पुन्हा माणसे मारली गेली, तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सुनावणी झाली आणि वनविभागाची पथके पट्ट्याकडून येणाऱ्या स्थानांच्या मागे धावत राहिली. १४ ऑक्टोबरला कारंजा (घाडगे) तालुक्यातील सिंदीविहिरी येथे ती मृतावस्थेत आढळली. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेताभोवती लावलेल्या तारेत वीजप्रवाह सोडलेला होता. पट्टा अखेरपर्यंत आपले काम करत होता. वाघीण कोठून कोठे गेली याची नोंद देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचत होती, मात्र तिच्या वाटेवर रात्री शेतात असलेल्या माणसाला ती कळण्याची खात्रीची सोय नव्हती, आणि त्या तारेत करंट आहे हे सांगणारा तर कोणताही संवेदक नव्हता. याच वर्षाच्या डिसेंबरात बोरचाच ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला.

अर्थात रेडिओ पट्ट्याचे मोल केवळ अशा प्रसंगांवरून ठरवणे अन्यायाचे होईल. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या आरंभी पट्टा बांधलेल्या एका तरुण वाघाने त्याच वर्षी पावसाळ्यात घर सोडले आणि मराठवाडा, तेलंगणाचा आदिलाबाद भाग व पश्चिम विदर्भ असा फिरत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले; तोवर त्याची वाटचाल सुमारे १,३०० किलोमीटर झाली होती आणि नंतरही ती चालूच राहिली. हा प्रवास त्याने बहुतांशी शेते, नाले, रस्ते आणि गावांच्या कडेकडेने केला व तो फारसा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. ज्या भागाला नकाशावर जंगल म्हणताच येत नाही तेथूनही वाघ वाट काढतो, हे अनुमान म्हणून आधी माहीत होते. पट्ट्याने त्याला हजारो स्थानबिंदूंचा पुरावा मिळवून दिला. सेलू आणि वर्धा परिसरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाखाली व त्यावर वन्यप्राण्यांसाठी मार्ग बांधले गेले, किंवा पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून वाघांसह अनेक जातींचे प्राणी ये-जा करतात हे कॅमेऱ्यांनी सिद्ध झाले, तेव्हा अशा मार्गांच्या मागणीमागे केवळ भावना नव्हती, मोजमाप होते.

पट्टे मात्र मूठभर प्राण्यांनाच बांधता येतात. उरलेल्यांसाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा, हेच मुख्य साधन आहे. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी असे कॅमेरे लावून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळवण्यात आली, आणि त्यांपैकी वाघाची होती ७६,६५१. उरलेल्या ढिगात चितळ, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत होते. हा ढीग माणसांनी उपसणे अशक्य असल्यामुळे छायाचित्रातील प्राण्याची जात ओळखणारी संगणकप्रणाली वापरली गेली, आणि अंगावरच्या पट्ट्यांच्या नक्षीवरून एकेक वाघ वेगळा काढण्यासाठीही संगणकाचे साहाय्य घेण्यात आले.

या कॅमेऱ्याला जागे करणारा संवेदक उष्णतेतील फरक ओळखतो. प्रत्येक उबदार शरीर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. संवेदकाच्या दोन शेजारी भागांवर पडणाऱ्या या किरणांत अचानक फरक पडला की समोरून काहीतरी उबदार सरकले असे तो मानतो. यातली मेख विदर्भातल्या माणसाला चटकन उमगेल. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, जमीन आणि खडक त्याहूनही तापतात, आणि प्राण्याचे शरीर व पार्श्वभूमी यांच्या उष्णतेतील फरक जवळजवळ मिटतो. अशा वेळी संवेदक समोरच्या जनावराला ‘पाहत’च नाही. उलट वाऱ्याने हललेल्या तापलेल्या फांदीने तो विनाकारण जागा होतो. थंड देशांत तयार झालेले साधन आणून झाडाला बांधणे म्हणजे तंत्रज्ञान आणणे नव्हे. त्याची पारख येथल्या उन्हाळ्यात आणि येथल्या पावसात करावी लागते, आणि हे काम विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे.

पारंपरिक कॅमेरा ट्रॅपचा मोठा दोष मात्र वेगळाच आहे. छायाचित्र आतल्या कार्डावर राहते, वनरक्षक काही दिवसांनी ते कार्ड काढून आणतो, तोवर वाघ तीन गावे ओलांडून गेलेला असतो. गेल्या काही वर्षांतील खरी प्रगती येथे झाली आहे. छायाचित्रातील प्राणी ओळखण्याचे काम दूरच्या संगणकावर न करता कॅमेऱ्यातच बसवलेल्या, अत्यल्प वीज खाणाऱ्या चिपवर करायचे आणि समोर वाघ असेल तरच संदेश पाठवायचा, ही ती पद्धत. ‘ट्रेलगार्ड’ नावाचा असा कॅमेरा मध्य प्रदेशातील कान्हा-पेंच परिसरात वापरला गेला आणि वाघ समोर आल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात वनअधिकाऱ्याच्या मोबाईलवर छायाचित्र पोहोचते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडण्यात आले. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारीच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथेही गावाच्या वेशीवर कॅमेरे लावून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने इशारा देण्याचा प्रयोग झाला आहे.

प्राणी कॅमेऱ्यातच ओळखण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर बिनतारी दळणवळणाच्या मूलभूत गणितात आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की एखाद्या वाहिनीतून दर सेकंदाला किती माहिती बिनचूक पाठवता येईल हे त्या वाहिनीची रुंदी आणि संकेताचे भोवतालच्या गोंगाटाशी असलेले प्रमाण यांवर ठरते. शक्ती कमी आणि अंतर जास्त असेल तर वेगावर पाणी सोडावे लागते. यातून पळवाट नाही. ‘लोरा’ हे तंत्रज्ञान हाच सौदा उघडपणे करते. त्यात संकेताची वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते, आणि बाजाराच्या गलक्यातही चढत जाणारी शीळ कानाला वेगळी कळावी तसा हा सरकता संकेत गोंगाटाखाली दबला असतानाही ग्राहकयंत्राला ओळखता येतो. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला आहे, आणि मोकळ्या जागेत काही किलोमीटरचा पल्ला छोट्या बॅटरीवर वर्षानुवर्षे मिळू शकतो. मात्र वेग सेकंदाला काही शे ते काही हजार बिट एवढाच. सेकंदाला हजार बिट धरले तर एक मेगाबाइटचे छायाचित्र पाठवायला दोन तासांहून अधिक वेळ लागेल. ‘वाघ, कॅमेरा क्रमांक सात, पहाटे चार वाजून दहा मिनिटे’ एवढाच मजकूर दोन-तीन सेकंदांत जाईल. म्हणून शहाणपण कॅमेऱ्याजवळ असले की लहर हलकी राहते आणि मोबाईलचा टॉवर नसलेल्या दरीतूनही खबर बाहेर येऊ शकते.

पानांचा प्रश्न तरीही उरतोच. पाणी रेडिओलहरी शोषते, झाडाच्या पानांत व फांद्यांत पाणी असते आणि लहरीची वारंवारता जेवढी जास्त तेवढा हा ऱ्हास अधिक. बोरचा साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. त्या दिवसांत बसवून तपासलेली यंत्रणा उत्तम चालेल आणि जुलै-ऑगस्टमध्ये रुंद, ओल्या पानांची भिंत उभी राहिल्यावर तीच मुकी होईल. म्हणून अशा जाळ्याची चाचणी भर पावसाळ्यात घेणे आणि संदेश एका संवेदकाकडून दुसऱ्याकडे उड्या घेत जाईल अशी पर्यायी वाट ठेवणे आवश्यक ठरते.

गंमत अशी की लहरींचा हाच ऱ्हास संशोधकांनी आता कामाला जुंपला आहे. मोबाईलच्या दोन टॉवरांमधील सूक्ष्मलहरींचा संकेत पावसात क्षीण होतो, आणि तो किती क्षीण झाला यावरून त्या पट्ट्यात किती पाऊस पडला हे मोजता येते, असे इस्रायलमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. वेगळे पर्जन्यमापक न बसवता टॉवरच पर्जन्यमापक झाले. घरातील वायफायच्या लहरी माणसाच्या हालचालीने विस्कटतात, त्या विस्कटण्यावरून खोलीत कोणी आहे काय, त्याचा श्वास कसा चालला आहे हे ओळखण्याचे प्रयोगही झाले आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सहाव्या पिढीच्या मोबाईल तंत्रज्ञानाची रूपरेषा २०२३ मध्ये मांडली, तेव्हा दळणवळण आणि संवेदन यांचा संयोग हा तिचा एक स्वतंत्र उपयोग म्हणून नमूद केला. पुढेमागे टॉवरच्याच लहरींवरून रस्त्याकडे येणारे जनावर ओळखले जाईल, ही कल्पना त्यामुळे अशक्य राहिलेली नाही. तथापि हिंगणीच्या परिसराने सहाव्या पिढीची वाट पाहत बसावे असे काहीही नाही. येथे अडले आहे ते बरेच आधीच्या पायरीवर.

ती पायरी म्हणजे शेत. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक आडवे करतात, म्हणून शेतकरी जागलीला जातो आणि काही जण नाइलाजाने वा निष्काळजीपणाने घरगुती वीज थेट तारेत सोडतात. ही वीज २३० व्होल्टची आणि अखंड असते, तिच्या स्पर्शाने स्नायू आखडून जीव जातो. सौर कुंपणात मात्र दाब काही हजार व्होल्टचा असला तरी प्रवाह साधारण सेकंदातून एकदा, हजाराव्या भागापुरता, ठोक्याने सोडला जातो आणि त्याची ऊर्जा इतकी मर्यादित असते की जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. राज्यातील डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलाकाठच्या गावांत अशा कुंपणांना मदत दिली जाते. त्यांची खरी दुखरी नस देखभाल ही आहे: पावसाळ्यात वेल आणि गवत तारेला चिकटले की ठोक्याची ऊर्जा जमिनीत मुरते आणि कुंपण नावापुरते उरते. तारेवरील दाब मोजून तो घसरताच शेतकऱ्याच्या मोबाईलवर संदेश धाडणारा संवेदक हे तांत्रिकदृष्ट्या अतिशय सोपे साधन आहे, आणि वाघ वाचवण्याच्या दृष्टीने त्याचे मोल एखाद्या महागड्या कॅमेऱ्याहून कमी नाही.

इशारा मिळाल्यावर पुढे काय, हा त्यानंतरचा प्रश्न. कॅमेऱ्याची खबर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जाते, तेथून वनरक्षकाकडे, गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलाकडे, पोलीस पाटलाकडे आणि व्हॉट्सॲपच्या गटावर. यांतील प्रत्येक टप्पा माणसाचा असल्यामुळे अर्ध्या मिनिटात निघालेला संदेश शेतापर्यंत पोहोचायला अर्धा तासही लागू शकतो. शिवाय खोटे इशारे वारंवार आले की लोक ते वाचेनासे होतात. म्हणून अशा यंत्रणेची गुणवत्ता तिने किती वाघ टिपले यावरून मोजताना तिने किती वेळा उगाच धावपळ करायला लावली हेही मोजायला हवे. आणि खबर वेळेत मिळाली तरी हरभऱ्याला ओलित करायचे असेल आणि कृषिपंपाची थ्री-फेज वीज रात्रीच येत असेल तर शेतकऱ्याला घरी बसणे परवडत नाही. मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे स्टार्टर खेडोपाडी वापरले जातात. सामान्य सिमकार्डावर चालणाऱ्या या बिनतारी उपकरणाने शेतकऱ्याची अंधारातली निदान एक फेरी वाचवली आहे, जरी पाइप हलवायला आणि बारे मोडायला त्याला जावेच लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळू लागली तर ती फेरीही टळेल.

बोरच्या काठच्या गावांसाठी संवेदकांची कोणतीही योजना आखली जाईल, तेव्हा कॅमेऱ्यांची संख्या ठरवण्याआधी तिने दोन गोष्टींचा हिशेब द्यावा: इशारा शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती किती मिनिटांत पोहोचणार, आणि त्या रात्री त्याला शेतात जावे लागू नये यासाठी दिवसाच्या ओलिताची काय सोय केली आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे नसलेल्या योजनेला हिंगणीच्या ग्रामसभेने मंजुरी देऊ नये.